निळा डाग, अंधुक

मुळशीतल्या माणसाने अंगठ्याची गोष्ट सांगायला घेतली की ऐकणारा सावरून बसतो. आता जमीन येणार, एजंट येणार, पांढरी गाडी येणार आणि शेवटी हाणामारी होणार. तुमची निराशा करतो, माफ करा. या गोष्टीतली जमीन गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेली आहे. गाडी आहे, पण तो भाजीचा टेम्पो आहे. हाणामारी नाही. बनावट अंगठा मात्र आहे, आणि तो एजंटचा नाही, माझा आहे. डावा.

तेव्हा मी आमच्या गावात, रिह्यात, चित्रं सांभाळायचो. बारावी झालेलो, कॉलेजला नाव होतं, पण कॉलेजला जायचं कशाला हे मला कुणी पटवून दिलं नव्हतं. मला एकच गोष्ट येत होती, नकला. तलाठी, तहसीलदार, आमचे हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, गणपतीत भाषण ठोकणारा पुढारी, सगळे माझ्या घशात राहायला होते, भाडं न देता.

चित्रं जमवली होती चित्रकलेच्या एका रिटायर झालेल्या सरांनी. वीसेक वर्षं सर तालुकाभर हिंडले होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे जायचं, ओट्यावर बसायचं, ऐकायचं आणि चित्र काढायचं. काही चित्रं त्यांची, काही पोरांनी काढलेली, काही मोर्च्यातले कापडी फलक. रिटायर झाल्यावर सगळं त्यांनी गावाला देऊन टाकलं. ग्रामपंचायतीने सोसायटीचं खताचं जुनं गोदाम दिलं. सरांनी दारावर पाटी लावली, "न्याय चित्रसंग्रह, सर्वांसाठी खुला". पेंटरने "न्याय" एवढा मोठा काढला की "चित्रसंग्रह" साठी जागाच उरली नाही, ते खाली बारीक अक्षरात कोंबलं. त्यामुळे गावात त्या गोदामाचं नाव पडलं न्यायाची खोली.

एकदा एक गृहस्थ बांधाचं भांडण घेऊनच आले. पिशवीत सातबारा, बरोबर दोन साक्षीदार.

"सायेब हायेत का?"

"कोण साहेब?"

"न्याय करनारं."

मी खुर्चीत नीट बसलो, चष्मा नसताना चष्मा वर केला आणि तहसीलदाराच्या आवाजात म्हणालो, "पुढची तारीख घ्या."

माणूस खरोखर वळला. "चला रं, तारीख पडली," म्हणत दारापर्यंत गेला पण. तेवढ्यात आतून सर आले. त्यांनी आधी त्या तिघांना परत बोलावलं, मला चहा आणायला पिटाळलं, आणि मी आलो तेव्हा तिघांना भिंतीपाशी उभं करून चित्रं दाखवत होते. ते गृहस्थ एका चित्रापुढून हलेनात. कचेरीच्या पायरीवर बसलेली माणसं, नुसती बसलेली. "ह्ये आमच्यावानीच हाय की," म्हणाले. बांधाचं काय झालं माहीत नाही, पण पुढे दोन-चार वेळा ते सहज येऊन त्या चित्रापुढे बसून गेले.

आता मुळशीत चित्रं सांभाळायची म्हणजे काय, ते सांगतो. इथं पाऊस पडायला लागला की चार महिने भिंतींना घाम येतो. कपाटातली चप्पल हिरवी होते, तिथं कागदाचं काय. गोदामात खताचा जुना वास होता, तो गेला की बुरशीचा यायचा, दोन्हींची पाळी लागलेली. कसर लागू नये म्हणून आम्ही वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायचो. ऊन पडलं की खिडक्या उघडायच्या, चित्रं सावलीत वाऱ्याला मांडायची, मऊ ब्रशने झटकायची, परत गुंडाळायची. कापडी फलक मी धुण्यासारखे चिमटे लावून दोरीवर टांगले होते. त्यावरून पहिली बोलणी खाल्ली ती पुण्याच्या बाईंची.

या बाई संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करायच्या. सरांच्या ओळखीने वर्षातून दोनदा यायच्या, आम्हाला शिकवायच्या. पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती म्हणजे वही. चित्राला हात लावायच्या आधी वहीत लिहायचं, कुठे फाटलंय, कुठे डाग, कुठल्या रंगाचा. आणि हात लावल्यावर काय केलं, कशाने केलं, कोणी केलं, ते पण लिहायचं. मी आळशी. "पिवळा डाग" किती वेळा लिहिणार? मी "पि. डा." लिहायला लागलो. "ते. डा." म्हणजे तेलाचा. "काळा डाग, मोठा" म्हणजे "का. डा. मो." बाई हसल्या, म्हणाल्या, "चालेल, पण तुझं तुलाच कळू दे."

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती थुंकी. खरंच. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, तोंडात घालून ओला केला आणि एका जुन्या तैलचित्राच्या कोपऱ्यावर हळू फिरवला. कापूस काळा, कोपरा लख्ख. "थुंकीत असं काहीतरी असतं की मळ सुटतो," म्हणाल्या. "जगभर करतात." पंचायतीचा शिपाई आणि दोन पोरं बघायला आली होती. एवढ्या शिकलेल्या बाई, पुण्याच्या, आणि थुंकी! मला राहवेना. मी बाईंच्या पाठीमागे उभा राहून त्यांची नक्कल सुरू केली. मान तिरकी, करंगळी वर, तोंडात काडी. शिपाई तोंडावर टॉवेल धरून हसत होता. बाई पुढे काहीतरी सांगत होत्या. ते पुढचं असं होतं की पाण्यात कालवलेल्या रंगांवर हे कधीही करायचं नाही, रंगच निघून येतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी करंगळीत होतो.

आता ते चित्र.

अर्ध्या कार्डशीटएवढं, कागदावर, पाण्याच्या रंगातलं. कचेरीचं टेबल. टेबलामागे कारकून, मान फायलीत खाली. टेबलापुढे एक म्हातारी, डोईवर पदर, डावा हात पुढे आणि अंगठा वर. पोरं हे चित्र बघून हमखास हसायची, कारण आजी साहेबाला ठेंगा दाखवतेय असंच वाटायचं. मी पण तसंच सांगायचो. खाली उजव्या कोपऱ्यात एक निळं बोट फिरल्यासारखं होतं, पुसट. एका पावसाळ्यानंतर मी ते चित्र साफ करायला घेतलं. मागे सरांनी पेन्सिलीने लिहिलेलं, वाडीचं नाव आणि खाली "नि. डा. अं."

मी म्हटलं, वा! सर पण माझ्यासारखंच लिहितात की. निळा डाग, अंधुक.

वहीत तसंच उतरवलं. मग काडी घेतली, कापूस गुंडाळला, तोंडात घातला आणि करंगळी वर करून पुसला. इतका सहज निघाला की मला माझाच अभिमान वाटला. वहीत लिहिलं, "काढला."

महिन्याभराने सरांनी माण गावात प्रदर्शन ठरवलं. सरांचं म्हणणं असं, की चित्रं गोदामात नुसती जिवंत ठेवून काय करायचं, ती लोकांपुढे गेली पाहिजेत. आठवडी बाजार, शाळा, देवळाचा मंडप, जिथे भिंत मिळेल तिथे. मी चित्रं टांगायचो आणि पुढे उभा राहून चित्रातल्या माणसांचे आवाज काढायचो. लोक आवाजाला यायचे आणि चित्रं बघून जायचे. माणला तेव्हा शेतांच्या जागी खोल्या उठत होत्या आणि खोल्यांत लातूर, अकोला, परभणीकडची कंपन्यांतली पोरं राहायची. रविवार, शाळेचा हॉल.

चित्रं निवडताना सर म्हणाले, "ते आजींचं घे. निरोप धाडलाय, त्या येणार आहेत. सुनेला अंगठा दाखवायचाय त्यांना."

"कसला अंगठा?"

"अरे, कोपऱ्यातला. मागे लिहिलंय ना मी. निशाणी डावा अंगठा."

माझं तोंड कोरडं पडलं. चांगल्या कामाला लागणारी थुंकी पण उरली नाही.

सरांनी मग सगळं सांगितलं. आजींच्या नावाची डोंगराकडची जमीन कुणीतरी विकली होती. कागदावर आजींच्या नावापुढे अंगठा होता. आजी कचेरीत गेल्या, म्हणाल्या, हा माझा नाही, हा बघ माझा, लावून बघ. कारकुनाने मान वर केली नाही. म्हणाला, "बाई, सगळे अंगठे सारखेच दिसतात." सर त्या दिवशी दाखला काढायला त्याच कचेरीत आले होते. त्यांनी ते पाहिलं, मग वाडीवर गेले, चित्र काढलं, आजींना दाखवलं. आजी म्हणाल्या, "माजा खरा अंगठा कुटं तरी असू द्या." वाडीत शाईचा पॅड कुठला. सरांनी निळा पोस्टर कलर अंगठ्याला लावला आणि आजींनी कोपऱ्यात उठवला.

म्हणजे तो ठेंगा नव्हता. आणि तो डाग नव्हता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सरांना मोतीबिंदू झाला होता, कोपरा रिकामा आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. सांगितलं तर त्यांना काय वाटेल, हे मनात आलं आणि मी गप्प बसलो. शिवाय नक्कल करण्यात माझा हात कुणी धरत नव्हता. सर जेवायला गेल्यावर निळ्या पोस्टर कलरची बाटली काढली, रंग डाव्या अंगठ्याला लावला, आधी रद्दीवर दोन उठवले, मग चित्रावर. ओला असतानाच जरा पुसट केला. मागे होऊन बघितलं. झकास. सगळे अंगठे सारखेच दिसतात, असं मनात म्हणालो. त्या कारकुनाच्याच आवाजात, सवयीने.

रविवारी टेम्पोतून चित्रं माणला नेली. हॉल भरला. खोल्यांतली पोरं आली आणि त्या खोल्यांचे मालक पण आले, पांढऱ्या कपड्यात, पुढच्या बाकांवर. मी एकेक चित्र घेत गेलो. कंडक्टर झाला, पुढारी झाला. आजींच्या चित्राशी आलो, मनात म्हटलं हे झटपट उरकू. मान खाली घातली, नाकातून आवाज काढला.

"बाई, सगळे अंगठे सारखेच दिसतात. पुढं व्हा. नेक्स्ट."

हॉल हसला. मालक लोक जरा जास्तच हसले. आणि दाराकडून आवाज आला, "आक्षी त्योच! नाकातनंच बोलत हुता मुडदा."

आजी आल्या होत्या. बारकी मूर्ती, हातात काठी, मागे सून. सून अंगणवाडीत सेविका होती, खांद्याला पर्स, हातात आजींची पिशवी. लोकांनी वाट करून दिली. आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "लई बेस आवाज काडतूस रं. त्येला भेटला हुतास व्हय?"

"नाही आजी, सरांकडून ऐकलं."

"न भेटताच? ग्वाड हायेस."

आणि मग त्या सुनेला म्हणाल्या, "ये हिकडं. ह्यो बग माजा अंगठा."

सून वाकली. आजी पण वाकल्या. आजींनी आपला डावा अंगठा कोपऱ्यातल्या निळ्या अंगठ्याशेजारी धरला, एकदा हा बघितला, एकदा तो.

"ह्यो कुनाचा?"

"तुमचाच की आजी," मी म्हणालो.

"माज्या अंगठ्याला मदी वाट हाय. विळ्यानं कापल्याली, नवी नवरी हुते तवा." त्यांनी अंगठा माझ्या नाकापुढे धरला. आडवा व्रण होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांधासारखा. "हितं कुटं हाय वाट?"

"रंग पसरला असेल. पावसाळा किती झाला यंदा."

"पावसानं वाट बुजती, तिच्या जागी दुसऱ्याचं बोट उगवतं व्हय?"

मागच्या पोरांत कुणीतरी हसलं. मी पण हसलो. मी काहीही झालं की आधी हसतो.

"वय झालं की जरा बदलतो आजी अंगठा."

"त्वांड बदलतं. अंगठा न्हाई."

सून माझ्याकडे बघत होती. "भाऊ, तुमचा दाखवा बघू. डावा."

मी हात खिशात घातला.

"खिशात कशाला घालताय? पोरं असंच करत्यात, माती खाल्ली की."

काढला बाहेर. अंगठा मी घासून धुतला होता, पण नखाच्या फटीत निळा तसाच होता. सुनेने ते आजींना दाखवलं. आजींनी बघितलं. मग सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझा अंगठा अगदी डोळ्याशी नेऊन बघितला. आणि ते बाकावर जाऊन बसले. ते तिथंच रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी सांगितलं सगळं. नि. डा. अं. म्हणजे मला निळा डाग अंधुक वाटलं, हे सांगितल्यावर हॉलमध्ये एकच हशा झाला. अकोल्याच्या एका पोराला तर खोकला लागला. आजी हसल्या नाहीत.

"म्हंजी माजा पुसला कुनी?"

"मीच."

"कशानं?"

"कापसाने."

"सुक्या?"

"...ओल्या."

"पान्यानं?"

मी सरांकडे बघितलं. सर खाली बघत होते. "थुंकीने, आजी. पुण्याच्या बाई तशाच करतात. जगभर..."

"थुकलास? माज्या अंगठ्यावर?"

"अंगठ्यावर नाही, कापसावर."

"मंग कापूस कुटं लावलास, माज्या कपाळाला?"

आता कुणीच हसत नव्हतं. पुढच्या बाकावरचा एक मालक उठून बाहेर पाणी प्यायला गेला. आजी काठी टेकून उभ्या होत्या.

"त्या मेल्यानं निदान माजी जमीन खाल्ली," म्हणाल्या. "तू कशापायी केलंस? तुला काय मिळनार हुतं?"

खरंच काही मिळणार नव्हतं. बोलणी वाचली असती, एवढंच.

"पूस त्यो. माज्या म्होरं पूस."

मी सरांना विचारलं. सर पहिल्यांदा बोलले, "आधी वही आण."

टेम्पोतून वही आणली. आधी नोंद, मग हात, बाईंचा नियम. मी लिहिलं की कोपऱ्यातला अंगठा आजींचा नाही, सांभाळणाऱ्याचा आहे, तो आज आजींसमोर काढत आहे. मग शाळेच्या माठातल्या पाण्यात कापूस बुडवून पिळला आणि माझाच अंगठा पुसला. आजी शेजारी बसून होत्या. "हितं ऱ्हायला. ह्या कडंला. नीट बग, न्हाईतर अर्धा तुजा अर्धा माजा व्हायचा." निळा निघाला, त्याबरोबर कागदाचा थोडा रंग पण निघाला. ती जागा आज पण पांढुरकी दिसते.

जागा वाळेपर्यंत सून म्हणाली, "आत्याबाई, परत द्यायचा का अंगठा?"

आजींनी त्या जागेवर एक फुंकर घातली. "तवाचा ऱ्हायला असता तर बरं हुतं. तवा मी रागात हुते, दाबून उठवला हुता." मग डावा हात पुढे केला. "आन रंग."

रंग सरांनी लावला, मला लावू दिला नाही. आजींनी अंगठा ठेवला, दाबला, उचलला. मधली वाट स्पष्ट आली, कोरी, पांढरी रेघ. मागची पोरं पुढे येऊन बघायला लागली. एकाने स्वतःचा अंगठा काढून शेजारी धरून बघितला, मग दुसऱ्याने. त्यांच्यात कुणाकुणाच्या गावाकडे काय काय झालं होतं ते निघायला लागलं. सर त्यांच्याशी बोलायला उठले.

आजींनी मला जाऊ दिलं नाही. "लिव आता त्यात. ह्यो दुसऱ्यांदा घेतलाय, पैला ह्यानं पुसला. समदं लिव."

मी लिहिलं. "सदर चित्रावरील मूळ अंगठा साफसफाईच्या वेळी चुकून पुसला गेला. आज आजींनी नव्याने अंगठा दिला." खाली नाव घातलं. आजी म्हणाल्या वाच. मी वाचायला लागलो, आणि घोटाळा असा झाला की सरकारी भाषा तोंडात आली की माझा आवाज आपोआप नाकात जातो.

सुनेने वही माझ्या हातातून घेतली. अंगणवाडीत रजिस्टरं भरण्यातच तिचा जन्म चाललेला. दोन ओळी वाचल्या आणि बोट ठेवलं. "आत्याबाई, 'पुसला गेला' लिवलंय. कुनी पुसला ते न्हाई. आन थुकीचं तर नावच न्हाई."

आजींनी काठी जमिनीवर आपटली.

"हितं बी? मुडद्या, माज्या डोळ्यांम्होरं? त्या कचेरीतल्यानं बी असंच लिवलं हुतं, जमीन दिली गेली. कुनी दिली? तर गेली! आपल्या पायानं चालत गेली व्हय रं? शाळा शिकलास त्यी ह्येच्यासाटी? लिव, मी पुसला म्हनून लिव. थुकी लावून पुसला म्हनून लिव. आन त्वांड वर करून वाच, नाकातनं न्हाई. समद्यांचं आवाज काडतूस, तुला तुजा येक आवाज देवानं दिला का न्हाई? हसू नगंस! ए, मागची पोरं, तुमी बी हसू नगा, आयका. हां, वाच आता. मोट्यानं."